शब्द पाठ करू नका, ओळखीचा करा

आठवीतल्या एका मुलीने निबंधात लिहिलं होतं, ‘माय ग्रँडफादर इज नोटोरियस इन अवर व्हिलेज.’ आजोबा गावातले तंटे मिटवणारे, सगळा गाव त्यांना मानणारा. तिच्या वहीत डावीकडे ‘नोटोरियस’ आणि उजवीकडे ‘प्रसिद्ध’ असं सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं आणि तिने ते इमानदारीने पाठ केलं होतं. मी शिक्षक. लाल पेनाने शब्द खोडला, वर ‘वेल-नोन’ लिहिलं आणि पुढची वही ओढली. नोटोरियस म्हणजे वाईट कामासाठी गाजलेला, कुख्यात, एवढं तिला सांगायला दोन मिनिटं पुरली असती. ती मी दिली नाहीत. त्याची रुखरुख अजून आहे, आणि म्हणूनच हे लिहितो आहे.

अवघड इंग्रजी शब्द शिकायची आपल्याकडे मोठी ओढ आहे. पुण्यात अप्पा बळवंत चौकात कुठल्याही दुकानासमोर थोडा वेळ उभे राहा. बँकेच्या परीक्षेची तयारी करणारा मुलगा शब्दसंग्रहाचं पुस्तक मागत असतो, सैन्यदलाच्या सीडीएस परीक्षेची तयारी करणारी मुलगी मागत असते. नॉर्मन लुईस यांचं ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ १९४९ सालचं, ते आजही खपतं. ही ओढ चांगलीच आहे, तिला कोणी नावं ठेवू नयेत. माझं म्हणणं त्या दोन रकान्यांच्या वहीबद्दल आहे.

एका शब्दासमोर एक अर्थ लिहिला की शब्द आला असं आपण धरून चालतो. ‘सँक्शन’ घ्या. कर्ज सँक्शन झालं म्हणजे मंजूर झालं, हे आपल्या आजीलाही माहीत असतं. मग आपणच इंग्रजी वर्तमानपत्रात वाचतो की अमेरिकेने इराणवर सँक्शन्स लावले, आणि गोंधळतो. तिथे त्याचा अर्थ निर्बंध. ‘ओव्हरसाइट’ म्हणजे देखरेख, आणि ‘ओव्हरसाइट’ म्हणजेच नजरचूक. कुठला अर्थ घ्यायचा हे शेजारचे शब्द सांगतात. म्हणून वहीत शब्द एकटा लिहू नका. जिथे भेटला ते अख्खं वाक्य लिहा. माणसाची ओळख त्याच्या गोतावळ्यावरून होते, तशीच शब्दाचीही होते.

आणि शब्द भेटायला हवा, आणून बसवायला नको. यादीतला शब्द आपल्या आयुष्यात कुठेच नसतो, म्हणून तो आठवड्यात निघून जातो. आपल्या घरात मात्र अवघड इंग्रजी शब्द केव्हाचे येऊन बसले आहेत, कपाटातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत. गाडीच्या आरसी बुकावर ‘हायपोथिकेशन’ असतं. ते नजरगहाण आहे: गाडी तुम्ही चालवता, पण तिच्यावर बँकेचा बोजा आहे. हप्ते फिटले म्हणून ही नोंद आपोआप जात नाही. बँकेचा ना हरकत दाखला आणि ३५ नंबरचा फॉर्म घेऊन आरटीओकडून ती काढून घ्यावी लागते. हा एक शब्द न कळल्यामुळे गाडी विकायच्या दिवशी अडलेली माणसं मी पाहिली आहेत. कर्जाच्या कागदावर ‘इर्रेव्होकेबल’ असतं, म्हणजे दिलेला अधिकार परत घेता येणार नाही. ‘वेव्ह’ असतं, म्हणजे आपण आपला हक्क सोडतो आहोत. अशा शब्दांवर आपण सही करतो.

सोनोग्राफीच्या रिपोर्टमधलं ‘अनरिमार्केबल’ वाचून घाबरलेली माणसंही पाहिली आहेत. त्याचा अर्थ नोंद घेण्यासारखं काही आढळलं नाही, म्हणजे तो अवयव नेहमीसारखा दिसतो आहे. ‘बिनाइन’ म्हणजे गाठ कर्करोगाची नाही. ‘अ‍ॅक्यूट’ म्हणजे अचानक उद्भवलेलं, ‘क्रॉनिक’ म्हणजे फार दिवसांचं. क्रॉनिक म्हणजे गंभीर असा समज घरोघरी आहे, तो चुकीचा आहे. उपचार डॉक्टरच सांगतील. पण रिपोर्ट हातात पडल्यापासून डॉक्टर भेटेपर्यंतची रात्र एका शब्दापायी रडत काढायची वेळ कोणावर येऊ नये.

आता एक गोष्ट, जी मराठी मुलांना कोणीतरी पाचवीतच सांगायला हवी. इंग्रजीचे भारदस्त शब्द आपल्याला वाटतात तेवढे परके नाहीत. त्यांतले बरेच लॅटिनमधून आले, आणि लॅटिन व संस्कृत एकाच घराण्यातल्या. विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यात हे नातं जाहीरपणे मांडलं. दंत आणि ‘डेंटल’, अग्नी आणि ‘इग्नाइट’, नव आणि ‘नॉव्हेल’ ही भावंडं आहेत. संस्कृतात ‘गुरु’ म्हणजे जड, आणि त्याच मुळाचा लॅटिन शब्द ‘ग्रॅव्हिटी’मध्ये आहे. गुरुत्वाकर्षण म्हणताना आपण तेच म्हणत असतो. मग ‘अ‍ॅग्रव्हेट’ म्हणजे आहे ते आणखी जड करणं, बिघडवणं, हे पाठ करावं लागत नाही. मृत शब्दाचं भावंड ‘मॉर्टल’मध्ये आहे आणि ‘मॉर्गेज’मध्येही आहे, जुन्या फ्रेंचमध्ये त्या शब्दाचा अर्थ मेलेलं गहाण.

‘इनव्हॅल्यूएबल’ला पुष्कळ मुलं फसतात. पुढे ‘इन’ आहे, म्हणजे किंमत नसलेला, टाकाऊ, असं त्यांना वाटतं. त्यांना म्हणावं, तुझ्या भाषेतला ‘अमूल्य’ आठव. अ अधिक मूल्य. ज्याची किंमत करता येत नाही ते फार मोलाचं, हा विचार दोन्ही भाषांनी सारखाच केला आहे. आपला अ, अन् आणि त्यांचा इन, अन हेही मुळात एकच. पण सावध राहा. महामार्गावर तेलाच्या टँकरवर ‘हायली इनफ्लेमेबल’ लिहिलेलं असतं, आणि तिथला ‘इन’ नकाराचा नाही. पेट घेणं या अर्थाच्या लॅटिन क्रियापदातच तो आहे. त्यामुळे इनफ्लेमेबल म्हणजे चटकन पेटणारं. तर्क जरूर करा, आणि केलेला तर्क प्रत्येक वेळी शब्दकोशात पडताळून बघा.

शब्दकोश कुठला, असं पालक विचारतात. शिकणाऱ्यांसाठी केलेला घ्या. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते. आपल्या विद्यार्थ्यांच्या अडचणी डोळ्यांसमोर ठेवून त्यांनी कोश केला, तो १९४२ मध्ये टोकियोत छापला गेला. ऑक्सफर्डचा आजचा अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स कोश त्यातूनच वाढला. लाँगमनचा १९७८ चा कोश याच वाटेने पुढे गेला. त्यात सगळे अर्थ सुमारे दोन हजार सोप्या शब्दांत सांगितले आहेत. म्हणजे ते दोन हजार शब्द पक्के असले की बाकीची इंग्रजी इंग्रजीतूनच उलगडते. ते पक्के नसताना यादीतल्या भारी शब्दांमागे धावू नका. पाया न घालता माडी चढवता येत नाही. कॉलेजात जाणाऱ्यांनी त्यापुढे अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांची २००० सालची यादी बघावी. अभ्यासाच्या पुस्तकांत पुन्हापुन्हा येणारी ५७० शब्दकुळं तीत आहेत.

परदेशी परीक्षांच्या जुन्या याद्यांवर पैसे घालवण्याआधी एक ध्यानात घ्या. जीआरईने ऑगस्ट २०११ पासून विरुद्धार्थी शब्दांचे सुटे प्रश्न काढून टाकले, आणि सॅटनेही २०१६ पासून दुर्मीळ शब्दांवरचा भर सोडला. आता उताऱ्यात शब्दाने काय काम केलं आहे ते विचारतात. आपल्या बँकेच्या परीक्षांतला क्लोज टेस्ट, म्हणजे उताऱ्यातल्या गाळलेल्या जागा भरण्याचा प्रश्न, हाही तेच बघतो.

आता विसरण्याबद्दल. हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेल्यातलं निम्म्याहून जास्त पहिल्या तासाभरातच निसटतं, मग गळती मंदावते. म्हणून रविवारी बसून शंभर शब्द घोकणं वाया जातं. रोज तीन घ्या आणि उद्या, चार दिवसांनी, पंधरा दिवसांनी परत भेटा. यासाठी मी मुलांना घरातल्या जुन्या लग्नपत्रिका आणायला सांगायचो. कोऱ्या बाजूचे तुकडे कापायचे, एकीकडे वाक्य, शब्दाच्या जागी रेघ, पलीकडे शब्द. आठवला तर तुकडा पुढच्या डब्यात, नाही आठवला तर परत पहिल्या डब्यात. पुढचा डबा उशिरा उघडायचा. पैसा लागत नाही, मोबाइल लागत नाही. मात्र मोबाइल असेल तर त्यावर उच्चार जरूर ऐका, कारण ‘एपिटोम’ वाचलेला शब्द ‘इपिटमी’ असतो आणि ‘सबटल’ वाचलेला ‘सटल’.

मराठीला बाजूला ठेवून इंग्रजी शब्द पक्के होतील असं समजू नका. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आलं, ते चांगलं झालं. पण ‘रिलक्टंट’ आणि ‘हेझिटंट’ यांतला फरक ज्याला समजायचा त्याच्यापाशी ‘नाखूश’ आणि ‘बिचकणारा’ हे दोन वेगळे शब्द आधी हवेत. मोल्सवर्थ यांनी पंडितांच्या मदतीने मराठी-इंग्रजी कोश केला, तो १८३१ मध्ये निघाला आणि १८५७ मध्ये वाढवून पुन्हा निघाला. आपल्या एकेका शब्दासाठी त्यांनी एक इंग्रजी शब्द देऊन हात झटकले नाहीत. छटा सांगितल्या, वाक्प्रचार दिले. परक्या माणसाने आपल्या भाषेसाठी घेतलेले ते कष्ट इंटरनेटवर फुकट बघायला मिळतात. एकदा बघा, आणि इंग्रजी शब्दासाठी निदान त्याच्या शतांश कष्ट घ्या.

शिक्षकांना हात जोडून सांगतो, वहीतला चुकलेला शब्द नुसता खोडू नका. त्या मुलाने तो मेहनतीने मिळवलेला असतो. त्याला जवळ बोलवा आणि तो शब्द कुठे चालतो, कुठे चालत नाही, ते दोन वाक्यांत दाखवा.

आणि घरच्यांनी आज रात्री जेवणं झाली की कपाटातली ती पिशवी काढावी. विम्याचा कागद, गाडीचं आरसी, आईचा रिपोर्ट, काहीही घ्या. न कळणारा एक शब्द शोधा, कोशात बघा, त्याचं वाक्य लिहा आणि मुलांना मोठ्याने वाचून दाखवा. उद्या दुसरा घ्या.