शेतातलेच खत शेताला

सेंद्रिय खत लहान शेतकऱ्याला परवडत नाही, हा आक्षेप महाराष्ट्रात सर्रास घेतला जातो. त्यामागचा हिशेब वरवर बिनतोड आहे. 45 किलोंच्या युरियाच्या गोणीत सुमारे 20 किलो नत्र असते आणि अनुदानामुळे ती 300 रुपयांच्या आत पडते. कुजलेल्या शेणखतात नत्र जेमतेम अर्धा टक्का. तेवढ्याच नत्रासाठी चार टन शेणखत लागते. वर भरणी, वाहतूक आणि पसरण्याची मजुरी. गोठ्यातली जनावरे घटल्यामुळे अनेकांना शेणखतही विकतच घ्यावे लागते.

आकडे खरे आहेत, गृहीतक चुकीचे आहे. सेंद्रिय खत म्हणजे बाहेरून आणलेले शेणखत, असे या हिशेबाने धरले आहे आणि त्या शेणखताचे मोलही केवळ नत्रावरून केले आहे. शेणखताबरोबर स्फुरद, पालाश, जस्त-लोहासारखी सूक्ष्म अन्नद्रव्ये आणि मुख्य म्हणजे सेंद्रिय कर्ब जमिनीत जातो. युरियाने त्या कर्बात भर पडत नाही. कर्ब खालावलेली जमीन पाणी कमी धरते, घट्ट होते आणि दिलेले रासायनिक खतही तिच्यातून लवकर निसटते. गोणी स्वस्त पडली तरी तिच्यातले किती नत्र पिकाला मिळाले, हा प्रश्न उरतोच.

स्वस्त खताची सुरुवात खरेदीने होत नाही. शेतात तयार झालेले शेतातच ठेवण्याने होते. उसाचे उदाहरण ठळक आहे. तोडणीनंतर हेक्टरी आठ ते दहा टन पाचट रानात पडते. त्याला वाहतूक लागत नाही, मोल द्यावे लागत नाही, तरी त्याला काडी लावली जाते. कर्ब आणि बहुतेक नत्र धुरात जाते, वरच्या थरातले जिवाणूही होरपळतात. ही उधळपट्टी आहे, तिला दुसरा शब्द नाही. पाचट ठेवले की खोडवा पिवळा पडतो, ही तक्रार मात्र खोटी नाही. पाचटात कर्ब फार आणि नत्र कमी, त्यामुळे ते कुजवणारे जिवाणू जमिनीतले नत्र ओढून घेतात. म्हणून बुडखे जमिनीलगत छाटून, पाचट सरीत दाबून, टनामागे 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट आणि 1 किलो कुजवणारे जिवाणू देण्याची शिफारस आहे. प्रमाणित सेंद्रिय शेतीत हा युरिया चालत नाही. तिथे शेणकाला वापरावा लागतो. पण आज पाचट पेटवणाऱ्याने थोड्या युरियाच्या आधाराने ते कुजवले, तर जमिनीचा फायदाच आहे.

जनावरे कमी आहेत, या अडचणीवर यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी नाडेप पद्धतीने उत्तर दिले. 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट उंच, भिंतीत हवेसाठी भोके ठेवलेल्या टाक्यात काडीकचरा, माती आणि शेणकाला यांचे थर देतात. सुमारे 100 किलो शेणावर तीन-चार महिन्यांत जवळपास तीन टन खत तयार होते. विटांचा खर्च नको असेल तर तुराट्या-बांबूचे टाकेही चालते. उघड्या उकिरड्यावर ऊन-पावसाने जे नत्र वाया जाते, ते यात बरेच वाचते.

हिरवळीच्या खतासाठी ताग किंवा धैंचा घेतला तर हंगाम बुडतो, हाही आक्षेप आहे. बागायतीत दोन पिकांच्या मधल्या मोकळ्या दीड महिन्यात ताग फुलोऱ्याआधी गाडता येतो. जिरायतीत तशी फट नसते, हे मान्य. तिथे गिरिपुष्पाचे झाड उपयोगी पडते. ते बांधावर वाढते, पिकाची जागा अडवत नाही आणि त्याच्या नत्रयुक्त कोवळ्या फांद्या छाटून सरळ पिकाच्या ओळींत टाकता येतात.

दुसऱ्या टोकाचा दावाही तितकाच तपासला पाहिजे. एकरी 200 लिटर जीवामृत दिले की आणखी काहीच लागत नाही, असे सांगितले जाते. त्यात 10 किलो शेण, 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ आणि 2 किलो बेसन असते. या सगळ्यातले नत्र मिळून साधारण पाव किलो भरते, तर गव्हाची शिफारसच एकरी 45 ते 50 किलो नत्राची आहे. जीवामृतातले जिवाणू जमिनीतले अडकलेले स्फुरद मोकळे करतात, ते निर्माण करत नाहीत. पाचट, कंपोस्ट, हिरवळीचे खत जमिनीत असेल तर जीवामृत कुजण्याला मदत करू शकते. नुसत्या उघड्या रानात त्यावर भिस्त ठेवणाऱ्याचे उत्पन्न घटते आणि बदनामी साऱ्या सेंद्रिय शेतीची होते.

सेंद्रिय शेतीविरुद्ध श्रीलंकेचा दाखलाही वारंवार दिला जातो. तिथे 2021 मध्ये रासायनिक खतांची आयात अचानक बंद झाली, भाताचे उत्पादन कोसळले आणि काही महिन्यांत बंदी मागे घ्यावी लागली. पर्यायी खत तयार नसताना गोणी काढून घेतल्याचा तो परिणाम होता. जमिनीतला कर्ब एका हंगामात वाढत नाही. म्हणून आधी जाळणे थांबवावे, कंपोस्ट आणि हिरवळीच्या खताची जोड द्यावी आणि दरवेळी माती तपासून, तिच्यात जितके अन्नद्रव्य वाढलेले दिसेल तितकेच रासायनिक खत पुढच्या पिकाला कमी करावे.