परिचारिकेचे हात आणि निदानाचा अधिकार

मावळात भातलावणी सुरू झाली की तापाचे दिवसही सुरू होतात. लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर वर्षाकाठी सरासरी ४००० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. पवन मावळ, नाणे मावळ आणि आंदर मावळ या तिन्ही खोऱ्यांतील खाचरे चिखलाने भरतात आणि स्त्रिया दिवस दिवस पाण्यात वाकून रोपे लावतात. त्यांतल्या एखादीला लावणीच्या दुसऱ्या आठवड्यात थंडी वाजून ताप भरतो, अंग मोडून येते. अशा वेळी सरकारी आरोग्यव्यवस्थेतर्फे तिच्यासमोर जी पहिली व्यक्ती उभी राहते ती बहुधा डॉक्टर नसते. ती उपकेंद्रातील परिचारिका असते. ही परिचारिका त्या बाईला काय विचारते, काय पाहते, कोठे हात लावते आणि त्यावरून काय ठरवते, यावर पुढचे सारे अवलंबून असते. आरोग्याच्या प्रश्नावर आपल्याकडे चर्चा होते ती इमारतींची, यंत्रांची आणि डॉक्टरांच्या रिक्त जागांची. परिचारिकेला रुग्ण तपासायला आणि तपासणीवरून विचार करायला आपण शिकवतो काय, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

मावळ तालुका दुर्गम आहे असे नकाशा पाहून कोणी म्हणणार नाही. लोहमार्ग, जुना महामार्ग आणि २००२ साली पूर्ण झालेला द्रुतगती मार्ग, असे तिन्ही मार्ग या तालुक्याच्या मधून जातात. तळेगाव दाभाडे येथे १९९५ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. परंतु टाकव्याच्या पुढे खांडी-सावळ्याला, नाणे मावळात जांभवलीला किंवा पवना धरणाच्या पाठीमागे तुंग-मोरव्याला राहणाऱ्या माणसाच्या लेखी अंतर किलोमीटरमध्ये मोजले जात नाही. ते बुडालेल्या मजुरीत, जीपच्या भाड्यात आणि सोबत येणाऱ्या दुसऱ्या माणसाच्या बुडालेल्या दिवसात मोजले जाते. लावणीच्या हंगामात श्रमाला मागणी सर्वाधिक असते. म्हणजे आजारपणाची किंमतही त्याच दिवसांत सर्वाधिक असते. त्यामुळे कातकरी-ठाकर वस्तीतली मजूर बाई ताप अंगावर काढते. डॉक्टरची फी हा आजाराचा पहिला खर्च असतो, हा शहरी समज आहे. गरिबाचा पहिला खर्च उंबरठा ओलांडण्याचा असतो, आणि तो वाचवण्याच्या नादात रोग पुढे जातो.

आता त्या तापाकडे पाहू. पावसाळ्यातला ताप हिवतापाचा असेल, डेंग्यूचा असेल, विषमज्वराचा असेल. खाचरात उभ्या राहणाऱ्या बाईच्या बाबतीत तो लेप्टोस्पायरोसिसचाही असू शकतो. उंदरांच्या आणि जनावरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून हा रोगजंतू त्वचेवरच्या भेगांतून व जखमांतून शरीरात शिरतो. प्रशिक्षित परिचारिका प्रथम विचारील: ताप कधीपासून? काम कोणते? पायाला चिरा आहेत काय? लघवी कमी झाली आहे काय? मग ती डोळे पाहील. लेप्टोमध्ये डोळे लाल होतात, पण चिपडे येत नाहीत. ती पोटऱ्या दाबून पाहील. तेथे कळ उठली तर संशय वाढतो. काखेत, जांघेत, कमरपट्ट्याखाली काळी खपली असलेला लहानसा व्रण आहे काय हे ती शोधील, कारण ते स्क्रब टायफसचे चिन्ह आहे. पोटात सतत दुखणे, थांबत नाही अशी उलटी, हिरड्यांतून रक्त आणि ग्लानी ही डेंग्यूतील धोक्याची चिन्हे होत, आणि ती पुष्कळदा ताप उतरू लागल्यावर दिसतात. ज्या दिवशी घरचे लोक ‘बरे वाटते आहे’ म्हणून निश्चिंत होतात नेमक्या त्याच दिवशी.

या सर्व तपासणीला विजेचे यंत्र लागत नाही. लागते ती विचाराची शिस्त. निदान म्हणजे रोगाच्या नावावर बोट ठेवणे नव्हे. जी शक्यता सर्वाधिक संभवनीय आहे ती एका बाजूला आणि जी सर्वाधिक घातक आहे ती दुसऱ्या बाजूला ठेवून, प्रत्येक नव्या चिन्हाबरोबर दोहोंचे वजन पुन्हा करणे, हे निदानाचे काम आहे. एकच चाचणी दोन माणसांत दोन गोष्टी सांगते. मुंबईहून भुशी धरण पाहायला आलेल्या तरुणाचा ताप आणि खाचरातून उठून आलेल्या मजूर बाईचा ताप यांची सुरुवातच वेगळ्या शक्यतेपासून होते. हिवतापाची चाचणी नकारात्मक आली म्हणून बाईला तापाची गोळी देऊन घरी पाठवणे ही तर्कातली चूक आहे. एक शक्यता मावळली म्हणजे बाकीच्या शक्यता मावळल्या असे होत नाही. ही चूक पुस्तकी अज्ञानातून कमी आणि विचार अर्ध्यावर थांबवण्याच्या सवयीतून अधिक घडते.

सर्पदंशाचे उदाहरण याहून बोलके आहे. जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार रात्री चावते. पुष्कळदा जखम दिसत नाही, सूज नसते, वेदनाही नसते. पहाटे माणूस पोटात दुखते म्हणून उठतो, पापण्या जड होतात, गिळता येत नाही. पापण्या पाहण्याचे ज्याला सुचत नाही तो पोटदुखीचे औषध देतो, आणि श्वास बंद पडेपर्यंतचे मोलाचे तास निघून जातात. घोणस किंवा फुरसे चावले असेल तर विषामुळे रक्त गोठत नाही. ते ओळखण्यासाठी काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत दोन मिलिलिटर ताजे रक्त घेऊन ती २० मिनिटे न हलवता ठेवायची आणि मग तिरकी करून पाहायची, एवढी चाचणी पुरते. नळीची किंमत नगण्य आहे. ती नळी केव्हा हातात घ्यावी हे कळणे मोलाचे आहे, आणि ते कळणे म्हणजेच प्रशिक्षण.

सरकारने या दिशेने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१८ साली देशातील दीड लाख उपकेंद्रे व प्राथमिक आरोग्य केंद्रे यांचे ‘आरोग्य व कल्याण केंद्रां’त रूपांतर करण्याची घोषणा झाली, २०२३ मध्ये त्यांना ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ हे नाव मिळाले. उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी हे नवे पद निर्माण झाले. महाराष्ट्रात त्यावर आयुर्वेदाच्या पदवीधरांबरोबर परिचर्या शाखेचे पदवीधरही घेण्यात आले. त्यांच्यासाठी सहा महिन्यांचा सेतू अभ्यासक्रम ठरला. गंभीर रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांसाठी भारतीय परिचर्या परिषदेने पदव्युत्तर ‘नर्स प्रॅक्टिशनर’ अभ्यासक्रमही आखला असून त्यात प्रगत शारीरिक तपासणी हा विषय आहे. २०१८ च्या प्रसूतिसेवाविषयक मार्गदर्शक तत्त्वांत परिचारिकांना १८ महिन्यांचे विशेष प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे.

कागदावरची ही रचना चांगली आहे. परंतु तीत एक विसंगती आहे. अतिदक्षता विभागात डॉक्टर हाकेच्या अंतरावर असतो, आणि तेथील परिचारिकेसाठी दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यास आहे. खोऱ्याच्या टोकाला जेथे डॉक्टर नसतोच, तेथे सहा महिने पुरेसे मानले गेले. त्या सहा महिन्यांनंतरही तिचा दिवस जातो तो नोंदवह्या, मोबाइलवरची माहिती आणि उद्दिष्टांचे आकडे भरण्यात. मानधनाचा एक भाग कामगिरीच्या निर्देशांकांना जोडलेला आहे. कोणता निर्देशांक मोजतो की तिने किती पोटऱ्या दाबून पाहिल्या? जे मोजले जाते ते केले जाते आणि जे मोजता येत नाही ते मागे पडते, हा अर्थशास्त्रातला जुना अनुभव आहे. नेमणूक कंत्राटी आणि अनुभव साठण्याआधीच माणूस दुसरीकडे जाणार, हा त्याच हिशेबाचा दुसरा भाग.

या विसंगतीचे मूळ प्रशासनापेक्षा खोल आहे. शरीराला स्पर्श करणारे, मलमूत्र उचलणारे काम खालचे आणि विचार करणारे काम वरचे, ही विभागणी आपल्या समाजाने जातिव्यवस्थेकडून घेतली आणि ती स्त्रीपुरुषभेदाने पक्की केली. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सेवासदनाने रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचर्येच्या शिक्षणासाठी पाठवले, तेव्हा समाजाने नाके मुरडली. शतक उलटले, परिचारिकेला मान मिळू लागला, तरी ‘हात तिचे, डोके डॉक्टरचे’ ही समजूत गेली नाही. रुग्णाजवळ सर्वांत जास्त वेळ ती असते, बदल प्रथम तिच्या लक्षात येतो, पण त्याचा अर्थ लावण्याचे शिक्षण तिला दिले जात नाही. दिले गेले तरी तसा अर्थ लावणे आगाऊपणा ठरतो.

हे शिक्षण देता येते याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या अल्पशिक्षित स्त्रीपुरुषांना बालकाचे श्वास मोजायला शिकवले. दोन महिन्यांखालील बालकाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, वर्षाच्या आतील बालकाचे ५० किंवा अधिक, त्याहून मोठ्या, पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचे ४० किंवा अधिक झाले, की न्यूमोनियाचा संशय घ्यावा. मणी सरकवून मोजण्याचे साधे साधन त्यासाठी केले गेले. पुढे ३९ गावांतील आरोग्यदूत स्त्रियांनी नवजात बालकातील जंतुसंसर्ग ओळखून घरीच उपचार केले. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ने हे निष्कर्ष छापले. जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्याच स्त्रियांच्या हाती आरोग्य सोपवले होते. अल्पशिक्षित स्त्री हे करू शकते, तर चार वर्षांची पदवी घेतलेली परिचारिका याहून कितीतरी अधिक करू शकेल.

याला होणारा विरोध दोन बाजूंनी येतो. पहिला वैद्यकीय व्यवसायाकडून. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या कलम ३२ मध्ये समुदाय आरोग्य सेवकांना मर्यादित परवाना देण्याची तरतूद झाली, तेव्हा देशभर डॉक्टरांनी संप केला. महाराष्ट्रात २०१४ च्या कायदादुरुस्तीने होमिओपॅथीच्या पदवीधरांना एका वर्षाच्या अभ्यासक्रमानंतर आधुनिक औषधे लिहिण्याची वाट मोकळी केली, त्यावरूनही वाद पेटला. या सर्व वादांत भांडण चालते ते औषधे कोणी लिहावीत यावर. रुग्ण नीट तपासायला कोण शिकला आहे, याची चौकशी दोन्ही पक्ष करीत नाहीत. तपासणीविना औषधाचा अधिकार घातक आहे. तो कोणाच्याही हाती असो.

दुसरा आक्षेप आपल्याच विचारांच्या लोकांचा आहे आणि तो अधिक गंभीर आहे. शहराला डॉक्टर आणि खेड्याला परिचारिका, ही समता काय? १९४६ साली भोर समितीने अल्पमुदतीचे वैद्यकीय शिक्षण बंद करून सर्वांसाठी एकाच दर्जाचा डॉक्टर असावा असे सुचवले, त्यामागे हीच उदात्त दृष्टी होती. तिच्याशी समितीतील काही सदस्य सहमत नव्हते. एका दर्जाचा डॉक्टर तयार झाला खरा. पण तो खेड्यात गेला नाही, आणि रिकामी जागा कोणतेही शिक्षण नसलेल्यांनी भरली. अमेरिकेत १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड आणि हेन्री सिल्व्हर यांनी परिचारिकांना निदानाचे शिक्षण देणारा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. तोही डॉक्टर न पोचणाऱ्या मुलांसाठीच होता, आणि आज त्या देशाच्या शहरांतही अशा परिचारिकांकडे लोक आपणहून जातात. दुय्यमपणा परिचारिकेत नसतो. तिला अर्धवट शिकवून, एकटे सोडून, चुकली तर दोष देण्यात तो असतो. डॉक्टरची मागणी सोडून द्यावी असा याचा अर्थ मुळीच नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर आणि उपकेंद्रातील परिचारिका यांना एकाच साखळीचे दुवे करणे, ही मागणी आहे.

म्हणून मावळातल्या कार्यकर्त्यांनी इमारतीच्या उद्घाटनावर समाधान मानू नये. ग्रामसभेत आणि गावाच्या आरोग्य समितीत काही नेमके प्रश्न विचारावेत. उपकेंद्रातील परिचारिकेने तालुक्याच्या रुग्णालयात डॉक्टरबरोबर किती दिवस रुग्ण तपासले? रात्री शंका आली तर दूरध्वनीवर तिला कोणता डॉक्टर मिळतो? आणि सर्वांत महत्त्वाचे: तिने पुढे पाठवलेल्या रुग्णाचे शेवटी काय निदान झाले, हे तिला कोणी कळवते काय? आपला अंदाज बरोबर होता की चूक, हे ज्याला कधी कळत नाही त्याचा अनुभव वर्षांनी वाढतो, ज्ञानाने वाढत नाही. मोठ्या रुग्णालयातून उपकेंद्राकडे परत जाणारी एक चिठ्ठी हे सर्वांत स्वस्त प्रशिक्षण आहे. त्याला नवा निधी लागत नाही. लागते ती तिला वैचारिक बरोबरीची मानण्याची तयारी.

कंत्राटी नेमणुकांऐवजी कायम पदे, प्रत्यक्ष रुग्णतपासणीवर भर देणारे दीर्घ शिक्षण, ठरावीक औषधांचा स्पष्ट कायदेशीर अधिकार आणि चुकीच्या वेळी संस्थेचे पाठबळ, या चार मागण्या एकत्र कराव्या लागतील. संसदेने २०२३ मध्ये परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा संमत केला आहे. तो परिषदांच्या फेररचनेवर थांबू न देणे हे लोकांच्या दबावाचे काम आहे. पुढच्या पावसाळ्यात मावळातल्या खाचरांत बायका पुन्हा उतरतील आणि त्यांतल्या काहींना पुन्हा ताप भरेल. त्या वेळी उपकेंद्राच्या दारात उभी असलेली परिचारिका त्यांच्या डोळ्यांत पाहील काय, आणि जे पाहील त्याचा अर्थ लावण्याचे शिक्षण व अधिकार तिच्यापाशी असतील काय, याची तयारी पाऊस येण्यापूर्वीच करावी लागते.