यंत्राची भाषा कोणाच्या मालकीची?

कारखान्यातील मोटरचा वेग आज बहुधा ‘ड्राइव्ह’ नावाची पेटी ठरवते. विजेची वारंवारता बदलून ती मोटर मंद वा जलद करते. या पेटीला हुकूम देणारी आज्ञावली ज्याच्या हाती, उत्पादनाचा वेगही त्याच्याच हाती.

ड्राइव्हशी बोलण्याची एक सर्वमान्य रीत म्हणजे मॉडबस. मॉडिकॉन या अमेरिकी कंपनीने ती १९७९ साली प्रसिद्ध केली. तिला परवानाशुल्क नाही. ड्राइव्हमध्ये क्रमांकित रजिस्टरे असतात. एकात वेग लिहायचा, दुसऱ्यातून प्रवाह वाचायचा, एवढेच तिचे व्याकरण. ‘लिबमॉडबस’ या मुक्त लायब्ररीत त्यासाठी लागणाऱ्या आज्ञा तयार मिळतात.

मग अडते कोठे? व्याकरण सर्वांचे असले तरी शब्दकोश प्रत्येक कंपनीचा निराळा आहे. वेगाचे रजिस्टर कोणते, बिघाडाचे कोणते, हे उत्पादक आपल्या मर्जीने ठरवतो. काही स्वस्त ड्राइव्ह तर मॉडबसचे नाव घेऊन त्याचे व्याकरणही मोडतात. म्हणून लायब्ररीला नव्या ड्राइव्हची जोड देताना तंत्रज्ञाला पुस्तिका चाळून पुन्हापुन्हा चाचण्या घ्याव्या लागतात. हे श्रमच होत. पण त्यांचे फळ मालकाच्या कपाटात बंद होते, आणि शेजारच्या कारखान्यातील तंत्रज्ञ तेच श्रम नव्याने उपसतो.

मुक्त परवाना यास पुरेसा आहे, असे काही मित्र म्हणतील. तसे नाही. लिबमॉडबसच्या एलजीपीएल परवान्यानुसार लायब्ररीतील बदल इतरांना वितरित केला, तरच तो खुला करण्याचे बंधन येते. चार भिंतींआड वापरलेल्या बदलाला ते लागू नाही.

खुल्या आज्ञावलीने अपघात होतील, हा दुसरा आक्षेप. भीती अनाठायी नाही. चुकीच्या रजिस्टरमध्ये आकडा गेला तर मोटर अवचित फिरते, आणि बोटे जातात ती कामगाराची. म्हणूनच आणीबाणीचे बटण संदेशाच्या तारेवर न विसंबता स्वतंत्रपणे जोडलेले हवे, आणि आज्ञावली अनेकांच्या नजरेखालून गेलेली हवी. गुप्ततेने चूक टळत नाही, फक्त झाकली जाते.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. पालिकेच्या पाणीउपसा केंद्रांसारख्या ठिकाणी सार्वजनिक पैशाने ड्राइव्ह घेताना रजिस्टरांचा संपूर्ण तक्ता खुला करण्याची अट घालावी. तंत्रज्ञाने केलेली भर मूळ लायब्ररीकडे परत पाठवण्याची तरतूद संघटनांनी करारात करून घ्यावी. सर्वांच्या श्रमातून वाढलेली भाषा सर्वांचीच राहिली पाहिजे.