तान्ह्या बाळाशीं बोला

गरिबाच्या तान्ह्या बाळास दूध मिळालें कीं आपलें कर्तव्य संपलें, हा समज आम्हांस अपुरा वाटतो. इ. स. १९८६-८७ मध्यें जमैका बेटांतील किंग्स्टन शहरीं वाढ खुंटलेल्या १२९ बालकांविषयीं एक प्रयोग आरंभिला गेला. त्यांपैकीं कांहींच्या घरीं आरोग्यसेविका दोन वर्षें दर आठवड्यास तासभर जाऊन, साध्या घरगुती खेळण्यांनीं बाळाशीं कसें खेळावें व बोलावें, हें मातेस दाखवीत. वीस वर्षांनीं त्या मुलांची कमाई हा लाभ न मिळालेल्या तशाच मुलांहून सुमारें शेंकडा २५ अधिक भरली. नुसत्या पोषक आहारानें तसा फरक पडला नाहीं. परंतु मजुरीनें थकलेल्या मातेस कोरडा उपदेश करणें अन्यायाचें होय. तिला उसंत मिळवून देणें हें समाजाचें काम. आणि धाकट्या भावंडाशीं रोज घटकाभर बोलणें हें, वाचकहो, आपलें!