पानाचा पत्ता आणि बोलणाऱ्याचे नाव

डॅनियल बॉम्बर्ग या ख्रिस्ती मुद्रकाने १५२० ते १५२३ या काळात व्हेनिसमध्ये बॅबिलोनियन तालमूद हा ज्यू धर्मग्रंथ प्रथमच संपूर्ण छापला. प्रत्येक पानाला एक आकडा, पानाच्या दोन बाजूंना अ आणि ब, ही त्याची मांडणी आजही चालते. ‘बेराखोत २अ’, म्हणजे बेराखोत या भागाच्या दुसऱ्या पानाची पहिली बाजू, असे म्हटले की कोणत्याही देशातला अभ्यासक तीच जागा उघडतो.

डिजिटल भाषांतरे आल्यापासून या पद्धतीवर दोन आक्षेप घेतले जातात. एक, ही पाने छापखान्याच्या सोयीने पडली, वाक्याच्या मध्येच तुटतात. पडद्यावर त्यांचे काय काम? दोन, शब्द टाकताच उतारा सापडतो. मग संदर्भ हवाच कशाला?

पान विषयानुसार पडत नाही, हे खरेच. पण म्हणूनच ते कोणा एका संपादकाच्या अर्थनिर्णयावर अवलंबून नाही आणि सर्वांना चालते. असा सर्वमान्य पत्ता नसला की काय होते, ते जेरुसलेम तालमूद या दुसऱ्या तालमूदमध्ये दिसते. कोणी व्हेनिस आवृत्तीचे पान आणि स्तंभ देतो, कोणी अध्याय आणि त्यातला हलाखा हा पोटविभाग. त्यातही हलाखांचे आकडे आवृत्तीगणिक बदलतात. दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर आणखी सोपे आहे. शोध लागतो तो एका भाषांतरकाराने निवडलेल्या शब्दांचा. दुसऱ्याने वेगळा शब्द योजला की तोच उतारा हाती लागत नाही.

म्हणून जुने पान ठेवावे आणि त्याखाली परिच्छेदाचा क्रमांक जोडावा. सेफारिया या संकेतस्थळाने हेच केले, ते योग्यच केले. पण एवढ्याने भागत नाही. आवृत्ती आणि भाषांतरकार यांची नावेही हवीत. सेफारियावर २०१७ पासून खुल्या असलेल्या, भाष्यकार स्टाइनसाल्ट्झ यांच्या इंग्रजी तालमूदमध्ये मूळ शब्दांचे भाषांतर ठळक अक्षरांत असते आणि स्पष्टीकरण साध्या अक्षरांत. उतारा दुसरीकडे चिकटवताना ठळकपणा गेला, की विसाव्या शतकातल्या भाष्यकाराचे वाक्य प्राचीन रब्बीच्या तोंडी जाते. ही चूक किरकोळ नव्हे. ऐकलेले वचन बोलणाऱ्याच्या नावानेच सांगणे, हा गुण ‘आवोत’ या ज्यू ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात तोरा, म्हणजे धर्मशिकवण, आत्मसात करण्याच्या ४८ मार्गांमध्ये गणला आहे.

तेव्हा उतारा उचलताच पान, परिच्छेद, आवृत्ती आणि भाषांतरकार आपोआप सोबत यावेत, मूळ आणि स्पष्टीकरण यांतला भेदही टिकावा. संगणकाला हे अवघड नाही. ज्या परंपरेत मत कोणाचे यावर वाद आणि निर्णय चालतात, तिच्या भाषांतरात ही सोय ऐच्छिक राहता कामा नये.