हा दैवाचा घाला नव्हे!

इंदूरच्या राजवाड्याभोवती पिढ्यान् पिढ्या नांदणाऱ्या मराठी घरांत काय किंवा आमच्या बेळगावात काय, लेकाने वा लेकीने वैमानिक व्हावे ही आकांक्षा आता अपूर्वाईची राहिलेली नाही. इंदुरात फ्लाइंग क्लब आहे. सांबऱ्याच्या धावपट्टीवरूनही शिकाऊ विमाने उडाली आहेत. त्या आकांक्षेची राखण कशी होते, हा प्रश्न म्हणूनच दोन्ही गावांचा आहे.

11 ऑगस्ट 2024 रोजी बेळगावच्या एका प्रशिक्षण संस्थेचे सेसना 152 विमान मध्य प्रदेशात गुना येथे चाचणीच्या उड्डाणात कोसळले. दोघे वैमानिक जखमी झाले. प्राण मात्र वाचले. त्या अपघाताची मीमांसा तज्ज्ञांनी करावी. आम्हांस बोलावयाचे आहे ते इंजिन बंद पडण्याच्या अशा एका कारणाविषयी, की ज्याचे खापर यंत्रावर फोडता येत नाही आणि दैवावर तर मुळीच नाही. ते कारण म्हणजे उडत्या विमानातील इंधन संपणे!

सेसना 152 च्या पंखांतील टाक्यांत उपयोगी पडेल असे इंधन सुमारे 90 लिटर. तासाचा खप 20 ते 25 लिटर. हे त्रैराशिक शाळकरी पोरही सोडवील. मग टाकी कोरडी का पडते? काट्यावर भिस्त ठेवून मोजपट्टी बुडविली जात नाही; समोरचा वारा हिशेबात धरला जात नाही; वाट चुकते आणि मागे फिरण्यास संकोच वाटतो. दिवसाच्या उड्डाणात किमान 30 मिनिटांचे इंधन राखीव ठेवावे, हा आंतरराष्ट्रीय दंडक याचसाठी आहे.

हा हिशेब थोरांचाही चुकतो. 15 नोव्हेंबर 1993 रोजी मद्रासहून निघालेले इंडियन एअरलाइन्सचे एअरबस हैदराबादेस उतरू न शकल्याने माघारी वळले. पंखांचे फ्लॅप मिटेनात, इंधन भराभर सरले आणि तिरुपतीजवळ ते भातशेतात उतरवावे लागले. अडीचशेंहून अधिक जीव बचावले. पण दर वेळी भातशेत पुढे येईल, या भरवशावर कोणी आपली मुले आकाशात धाडावीत काय?

व्यावसायिक परवान्यास 200 तासांचे उड्डाण लागते. तासागणिक पैसा मोजावा लागतो आणि तो बहुधा कर्जाचा असतो. अशा वेळी 'टाकी पुन्हा पाहू द्या' म्हणणारा विद्यार्थी भित्रा ठरला, तर दोष विद्यार्थ्याचा नव्हे, संस्थेचा. ऑक्टोबर 2023 मध्ये बारामती परिसरात चार दिवसांत दोन शिकाऊ विमाने कोसळली, तेव्हा महासंचालनालयाने त्या संस्थेचे प्रशिक्षण थांबविले. ही तत्परता अपघातापूर्वी दिसावी, एवढेच आमचे मागणे आहे.

प्रत्येक उड्डाणापूर्वी शिकाऊ वैमानिकाने स्वहस्ते इंधन मोजून नोंदवावे. मागे फिरणाऱ्यास शाबासकी मिळावी. आणि पालकांनो, शुल्काची रक्कम विचारता त्याच दमात ही नोंदवहीही पाहावयास मागा. ती दाखविण्यास जी संस्था कचरेल, तिच्या हाती आपले लेकरू देऊ नका.