आरोग्यविचार : म्हातारपणची पाठदुखी

वार्धक्यात पाठ दुखावयाचीच, असे म्हणून घरोघरी वडील माणसांची समजूत घातली जाते. बहुधा ते खरेही असते. परंतु जी वेदना आडवे झाल्यावरही शमत नाही, रात्री झोप मोडते व दिवसेंदिवस वाढत जाते, तिच्या मुळाशी मणक्यातील जंतुसंसर्ग असू शकतो. वृद्धांस अशा वेळी ताप येतोच असे नाही. म्हणून तेवढ्यावरून निर्धास्त राहू नये, असे आम्ही आग्रहाने सांगतो.

क्ष-किरणांचे छायाचित्र आरंभीचे दोन-तीन आठवडे निर्दोष दिसू शकते. कारण हाड पुरेसे झिजल्याखेरीज त्यात दोष उमटत नाही. एमआरआय तपासणीत मात्र हाडातील सूज लवकर कळते. लगतचे दोन मणके व त्यांमधील चकती ही तिन्ही बिघडलेली दिसली, तर संशय जंतूंवर जातो. कर्करोग बहुधा चकतीस सोडून देतो. तथापि जंतू कोणता, हे चित्र सांगत नाही. त्यासाठी रक्ताची, व प्रसंगी सुईने काढिलेल्या अंशाची, परीक्षा करावी लागते.

पेसमेकर बसविलेला असल्यास तपासणीपूर्वीच सांगावे. पायांतील शक्ती जाऊ लागली किंवा लघवी अडली, तर मात्र एक दिवसही न दवडता रुग्णालय गाठावे.